चुलीच्या टेकडीखाली

"खोटं बोलणार नाही मी," आयसीनं पुन्हा बजावलं. "प्रार्थनेत तर नाहीच नाही. आत्ताच सांगून ठेवते, रोवीना."

ती माझ्या पार्लरच्या खुर्चीत बसली होती. डोक्याला रोलर, गळ्याभोवती टॉवेल, वय ब्याऐंशी आणि ताठा अठराचा. मी कंगवा खाली ठेवला.

"अगं बाई, एक शब्द खोटा नाही यात. तू एकटी राहतेस ना?"

"राहते."

"एकशे दहा एकर तुझ्या नावावर आहेत ना?"

"आहेत."

"मुलगा उद्या दुपारी ओहायोहून येणार ना? तो आला की तुला कुठल्या कागदाला हात लावू देईल?"

"तो? शक्यच नाही. किराणा दुकानातलं बिलसुद्धा दोनदा तपासतो मेला."

"मग तेवढंच सांग. आज चर्चच्या प्रार्थना-सप्ताहाचा शेवटचा दिवस आहे. पाद्रीबुवा विचारतील, कुणाला काही सांगायचंय का, तेव्हा उठायचं आणि एवढं बोलून खाली बसायचं."

आयसीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "आणि त्या गॅसवाल्यानं सरळच विचारलं तर? की बाई, या जमिनीखाली तुमचं काय आहे?"

"तर सांगून टाक. काही नाही म्हणावं."

"सांगेन हं मी. विचारलं तर सांगणारच."

"सांग की. पण विचारलं तरच," मी म्हटलं आणि तिच्यावर केस वाळवायचं यंत्र ओढलं. तिला माझ्या चेहऱ्यावरचं सगळं दिसायला नको होतं. कारण मला त्या माणसाला नुसतं हरवायचं नव्हतं. मला तो तोंडावर आपटलेला बघायचा होता.

त्या माणसाचं नाव विनफील्ड. चाळिशीतला, गोरागोमटा, बोलायला मध. गॅसच्या विहिरी आमच्या खोऱ्यात आल्या तसा तोही आला. आमच्या वेस्ट व्हर्जिनियात जमीन दोन मजली असते म्हणा ना. वरचं शेत, घर, कबरी एकाच्या; खालचा कोळसा आणि गॅस दुसऱ्याचा असू शकतो. काहींच्या वाडवडिलांनी खालचा हक्क कधीच विकून टाकला, काहींनी जपून ठेवला. ज्यांनी ठेवला, त्यांच्यापैकी जी माणसं म्हातारी आणि एकटी, त्यांच्याकडे विनफील्ड जायचा.

आणि कोण एकटं आहे हे त्याला कोण सांगायचं? आम्हीच! आमच्या चर्चमध्ये उपदेशाआधी एकेक जण उठून आपलं दुखणं सांगतो. कुणाचं मूत्रपिंड, कुणाचा तुरुंगातला नातू, कुणाची नोकरी. सगळं उघड, नावागावासकट. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं आहे आणि त्यात कुणाला लाज वाटली नाही. मागच्या बाकावर डोळे मिटून बसलेला माणूस प्रार्थनेसाठी ऐकत नसेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

माझी मावशी डेल्फिया अशीच एका रविवारी उठली होती. आर्ली काका नुकते गेले होते. घर आणि एकतीस एकर, वरचं खालचं सगळं, तिच्या एकटीच्या नावावर झालं होतं. मावशीचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातचे पाव खाल्लेत. अजून टक्कल पडलेले बाप्ये तिला रस्त्यात थांबवून त्या पावांची आठवण काढतात. कधी कुणाशी भांडण नाही, कधी आवाज चढवणं नाही. ती उठली आणि म्हणाली, "आर्लीच्या नावानं गॅसवाल्यांचे कागद येतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मला बुद्धी दे म्हणून प्रार्थना करा."

मागून विनफील्ड "आमेन" म्हणाला. माझ्या या कानांनी ऐकलं मी.

दुसऱ्या दिवशी तो केक घेऊन तिच्या दारात हजर. "मावशी, हा नुसता भाडेपट्टा आहे. पाच वर्षांचा. गॅस निघाला की तुमचा हिस्सा घरपोच." मी तिला मावशी म्हणते कारण ती माझ्या आईची बहीण आहे. हा मेला कुठला भाचा उगवला होता? त्यानं सहीवर नोटरीचा शिक्का मारायला एक पोरगीही बरोबर आणली होती. मावशीनं दोघांना कॉफी दिली, सही केली, वर उरलेला केकही बांधून दिला.

तो भाडेपट्टा नव्हताच. विक्रीचं खत होतं. शेजाऱ्यांना गॅसच्या हिश्श्याचे चेक येऊ लागले आणि हिला येईनात, तेव्हा तिनं त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, सही तुमचीच आहे ना? मग झालं तर."

मी म्हटलं, वकिलाकडे चल. ती ऐकेना. "कोर्टात सगळ्यांसमोर विचारतील, बाई, न वाचता सही केलीस? मग आर्लीचा पुतण्या म्हणेल, म्हातारीला भान नाही, टाका वृद्धाश्रमात. गॅस गेला तर जाऊ दे, रोवीना. मला माझ्या घरात मरू दे." एवढं बोलून तिनं मला गप्प राहायची शपथ घातली.

त्या दिवसापासून ती चर्चला येईनाशी झाली. तिचा उजवा गुडघा कायमचा धरलेला, म्हणून बाकावर स्वतःची एक उशी ठेवायची. ती उशी तशीच पडून राहिली. आणि विनफील्ड मात्र दर रविवारी हजर! भजनं म्हणायचा, म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या उतरवायचा. मी दोन बाकं पुढे बसायची आणि माझं रक्त नुसतं उकळायचं. शेवटी मी शपथ मोडली आणि आयसीला सगळं सांगितलं. आयसी आणि मावशी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. आयसीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी टेकडी आहे ना."

तिची टेकडी म्हणजे चुलीची टेकडी. हे नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आयसीच्या नवऱ्याच्या आजोबांनी लग्न करून आणलेली बायको शेकोटीवर रांधायला तयार नव्हती. बिडाची चूल आणा, नाहीतर मी चालले माहेरी, म्हणाली. तेवढ्यात कोळशाच्या कंपनीचा माणूस खालचे हक्क घेत फिरत होता. आजोबांनी एकशे दहा एकरांखालचं सगळं, कोळसा, तेल, गॅस, जे काही निघेल ते, कायमचं त्याला लिहून दिलं आणि चूल घेऊन आले. ती चूल अजून आयसीच्या स्वयंपाकघरात आहे. आजोबांवरची थट्टाही अजून चालू आहे. विनफील्डलाही कुणी सांगितलं असतं, पण तो इथल्या माणसांना कधी काही विचारायचाच नाही. फक्त ऐकायचा, तेही प्रार्थनेच्या वेळी.

त्या शुक्रवारी संध्याकाळी चर्च भरलेलं होतं. पाद्रीबुवांनी विचारलं आणि आयसी उठली. मी सेट केलेले केस, निळा झगा, पुढच्या बाकाला धरलेला हात.

"मी टेकडीवर एकटी असते," ती म्हणाली. "एकशे दहा एकर आहेत. जमिनीखालच्या गोष्टीचं एकदाचं काय ते मिटवावं असं मनात आहे. उद्या दुपारी मुलगा येतोय, तो मला कशावर सही करू द्यायचा नाही."

एवढ्यावर खाली बसायचं ठरलं होतं. पण ही बाई उभीच!

"आणि माझ्या तोंडून खोटं निघू नये," ती पुढे म्हणाली, "एवढी माझ्यासाठी प्रार्थना करा."

"आमेन," मागून विनफील्ड म्हणाला. सगळ्यांत मोठ्यानं.

शनिवारी सकाळी मी आयसीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमचा वर्षातून एकदा येणारा कबरी सजवायचा दिवस होता. सगळं खोरं दफनभूमीत जमतं आणि तिथंच पंगत बसते. त्यासाठी आम्ही कागदाची फुलं करून मेणात बुडवतो, म्हणजे पावसात टिकतात. टेबलभर फुलं वाळत पडली होती. बाहेर गाडी वाजली तेव्हा आयसीनं एप्रनला हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

विनफील्ड शिक्केवाल्या पोरीला घेऊन आला होता. हातात केक. "आजी, रात्रभर तुमचाच विचार करत होतो," म्हणाला.

"मीही तुझाच करत होते, बाळा," आयसी म्हणाली. तेही खरंच होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "यांना चर्चमध्ये पाहिलंय. या कोण?"

"माझे केस करते. आज फुलं करायला आलीय. तिच्यापुढे बोल काय बोलायचं ते."

त्यानं आकडा सांगायला तोंड उघडलं, तर आयसीनं हात वर केला. "पैसे नकोत मला. पैशाला मी हात लावणार नाही. मला डेल्फियाचं परत हवंय. तिच्या जमिनीखालचं तू घेतलंस ना? ते तिच्या नावावर लिहून दे. मग माझ्या टेकडीखाली माझं जे काय असेल ते तुला देते."

तो सावध झाला. "डेल्फियाबाईंनी तुम्हाला पाठवलं का?"

"तिला पत्ताच नाही. ती कुणाशी बोलत नाही, घराबाहेर पडत नाही. साठ-सत्तर वर्षांपासूनची मैत्रीण आहे रे माझी. मला ती बाकावर शेजारी हवी. बाकी काही नको."

मी खाली मान घालून फूल वळत होते. त्याच्या डोक्यात चाललेला हिशेब मला न बघताही कळत होता. एकतीस देऊन एकशे दहा. वर मावशीच्या तक्रारीचाही काटा निघणार.

"सोमवारी सुट्टी आहे. मंगळवारी कचेरी उघडली की जुनी खतं एकदा बघतो आणि—"

"मंगळवारी माझा मुलगा इथं असेल."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, एकशे दहा एकरांकडे. "बरं, आजी, मला एवढंच सांगा. तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी खालचं कधी कुणाला विकलं का?"

माझा हात थांबला.

"मी नाही विकलं," आयसी म्हणाली. "माझ्या नवऱ्यानंही नाही विकलं. त्याच्या..." ती पुढे सांगणारच होती, देवाशपथ, त्याच्या आजोबांचं नाव तिच्या ओठावर आलं होतं. पण त्या शहाण्यानं तिला पुरं बोलू दिलं नाही. "बस, बस, एवढं पुरे," म्हणत तो उठला आणि गाडीतून आपलं छापायचं यंत्र घेऊन आला.

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडायची त्याची खोडच होती. मावशीलाही त्यानं असंच गप्प केलं असणार. पुढं जे झालं त्याचं मला तसूभरही वाईट वाटत नाही.

त्यानं दोन कागद छापले. एक मावशीच्या नावानं, एकतीस एकरांखालचं सगळं परत. दुसरं आयसीचं हक्कसोडपत्र, त्याच्या नेहमीच्या मसुद्याचं: 'माझा जो काही हक्क असेल, तो असल्यास.' टेबल फुलांनी भरलेलं, म्हणून त्यानं कागद ठेवायला जागा शोधली आणि ते थेट चुलीवर पसरले. त्या बिडाच्या चुलीवर! मला ओठ चावून धरावे लागले.

"काय चूल आहे हो!" तो सही करता करता म्हणाला. "जुनी दिसते. विकायची का?"

"नाही बाबा," आयसी म्हणाली. "फार महागात पडलीय ती आम्हाला."

तो हसला. कशी महागात पडली, एवढं विचारलं असतं तर संपलंच होतं. ती सांगणार, मी तिला अडवू शकणार नाही. शिक्केवाल्या पोरीनं शिक्के मारले. त्यानं मावशीचं खत आयसीच्या हातात दिलं, स्वतःचं खिशात घातलं, केक ठेवला आणि गेला. जाताना "देव तुमचं भलं करो" म्हणाला.

गाडी वळणाआड गेली तशी आयसी खुर्चीत बसली.

"सांगणार होते गं मी. त्यानंच बोलू दिलं नाही."

"बघितलं ना मी."

"पाप झालं का?"

"झालं असेल तर माझ्या खात्यावर लिही," मी म्हटलं. "तो केक कोंबड्यांना घालते."

मंगळवारी कचेरीचं दार उघडायच्या आधी मी पायरीवर उभी होते. मावशीचं खत पहिलं नोंदवलं गेलं. दुपारी माझ्या पार्लरमध्ये आयसीसकट चार म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीचं डोकं मी धूत होते, दोघी रोलर लावून यंत्राखाली. मुद्दामच बोलावलं होतं मी त्यांना. आणि दार धाडकन उघडलं.

विनफील्ड! टाय सुटलेला, तोंड बिटासारखं.

"तुम्ही मला फसवलंत!" तो आयसीवर ओरडला. "त्या टेकडीखाली तुमचं काहीच नाही! शंभर वर्षांपूर्वी विकलंय सगळं!"

आयसीनं यंत्र वर केलं. "काय म्हणतोस? मोठ्यानं बोल."

"तुमचं काही नाहीये खाली!"

"ते सगळ्यांना ठाऊक आहे," शेजारची म्हातारी म्हणाली. "चुलीची टेकडी ना ती?"

"मी कुठं म्हटलं माझं आहे म्हणून?" आयसी शांतपणे म्हणाली. "वाच तुझा कागद. 'असल्यास', असं तूच लिहिलंयस. मी सांगत होते, तर तू 'बस, बस' म्हणालास."

"मी कोर्टात जाईन!"

याचीच तर मी वाट पाहत होते. ओले हात टॉवेलला पुसत मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "जा की. आम्हीपण येतो. डेल्फियाला तू काय सांगून सही घेतलीस, ते जजसाहेबांना ऐकायला आवडेल. आणि आणखी कुणाकुणाला 'मावशी' म्हणत फिरलास, तेही सांगशील. या खोऱ्यातल्या म्हाताऱ्या आता एकेक करून कपाटातले कागद काढतायत. मी त्यांचे केस करते, विनफील्ड. माझ्याशी सगळ्या बोलतात."

मी रिकाम्या खुर्चीची पाठ थोपटली. "बैस. आलाच आहेस तर मानेवरचे केस साफ करून देते. वस्तरा नवीन आहे."

बायका अशा काही हसल्या की रोलर सुटून खाली पडले. तो उलट्या पावली निघाला आणि दाराला धडकला. मी एवढ्यावर सोडलं नाही. आजूबाजूच्या खोऱ्यांतल्या सगळ्या पार्लरवाल्यांना मी त्या संध्याकाळी फोन केले. त्याची गाडी कसली, तो कसा दिसतो, कुठला केक आणतो, सगळं सांगितलं. पुढं ज्या चर्चमध्ये तो शिरला तिथं त्याच्या बाकावरची माणसं उठून दुसरीकडे बसली. महिन्याभरात त्याचं ऑफिस बंद झालं. ज्यांचे हक्क त्यानं आधीच पुढे विकले होते त्यांचं काही परत आलं नाही. त्यांच्यातले दोघं आता कबरीत आहेत. ते आठवलं की मला वाटतं, वस्तरा वापरायला हवा होता.

त्याच आठवड्यात खत घेऊन मी मावशीकडे गेले. ती दारापाशी वाटाणे सोलत होती. तिनं हात धुतले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत सगळं वाचलं. आता ती औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा सगळं वाचते.

"त्यानं असंच परत दिलं?"

"नाही. अदलाबदल केली. आयसीनं दिलं त्याला."

"आयसीनं? काय दिलं?"

"चुलीच्या टेकडीखालचं."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. हसता हसता ती पायरीवर बसली, वाटाणे सांडले, डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते पाणी काही थांबेना. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

"मूर्ख ठरले गं मी," ती म्हणाली. "देवापुढे उठून बुद्धी मागितली आणि..."

"तू नाही. तो चोर होता."

ती सांडलेले वाटाणे वेचायला लागली.

पण त्या रविवारी ती चर्चला आली. उशिरा, भजन संपत असताना, बाकांना धरत धरत. आयसीनं न बोलता उशी सरळ करून दिली. पाद्रीबुवांनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

कुणी उठेना. ही गोष्ट तोवर खोरंभर झाली होती आणि लोक आता माना वळवून मागच्या बाकाकडे बघत होते. आमच्या चर्चमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. जो तो आपलं दुखणं दाबून बसला होता. तो माणूस गेला, पण जाताना आमचं मोकळेपणानं बोलणंही घेऊन गेला होता.

शेजारी हालचाल झाली. डेल्फियामावशी आयसीच्या खांद्यावर भार देऊन उठत होती. उभं राहायला तिला बराच वेळ लागला. तिनं मागं वळून रिकाम्या बाकाकडे नीट पाहिलं, मग पुढं तोंड केलं.

"माझा उजवा गुडघा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फार दुखतोय हो."